डोळ्याच्या स्कॅनमध्ये अल्झायमर दिसतो म्हणे, पण दिसल्यावर पुढे काय?

दर दोन-चार महिन्यांनी ती बातमी नव्या मथळ्याने परत येते. "डोळ्याच्या साध्या स्कॅनमधून अल्झायमर वीस वर्षं आधी कळणार." ग्रुपवर कुणीतरी टाकतं, खाली आठ-दहा अंगठे पडतात, आणि ज्याच्या घरात आजीला किंवा वडिलांना हा आजार झालाय तो हमखास विचारतो की ही टेस्ट कुठे करून मिळते. बातमी धादांत खोटी असती तर फॉरवर्ड म्हणून सोडून देता आलं असतं. पण तिच्यामागे खरा रिसर्च आहे, चांगल्या युनिव्हर्सिट्यांमधला आहे, आणि म्हणूनच तिच्यावर नीट बोलायला पाहिजे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. रिसर्च जोरात होऊ दे, त्याला लागेल तेवढा पैसा मिळू दे. पण ज्या माणसाला काहीही त्रास नाही, जो आपला रोजचा हिशोब, औषधं, फोन नंबर सगळं व्यवस्थित लक्षात ठेवतोय, त्याला हा स्कॅन "अल्झायमरची तपासणी" म्हणून आज विकणं चूक आहे. स्कॅन करणं सोपं आहे, दुखत नाही, पाच मिनिटांत होतं, हे सगळं खरं असलं तरी चूक आहे.

आधी डोळाच का, ते बघू. रेटिना म्हणजे आपण ज्याला डोळ्याचा पडदा म्हणतो तो, तो मुळात मेंदूचाच भाग आहे. गर्भात मेंदू तयार होत असताना त्याच्या पुढच्या भागातून दोन फुगवटे बाहेर येतात आणि त्यांचाच पुढे पडदा होतो, त्यामुळे पडद्यातल्या पेशी, त्यांना मेंदूशी जोडणारी ऑप्टिक नर्व्ह, बारीक रक्तवाहिन्यांची रचना, रक्तातलं काय आत जाऊ द्यायचं आणि काय नाही ते ठरवणारा अडसर, हे सगळं मेंदूशी पुष्कळ जुळतं. आणि शरीरात कुठेही न कापता, सुई न टोचता जिवंत रक्तवाहिन्या थेट बघता येतील अशा मोजक्या जागांपैकी ही एक. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1851 मध्ये ऑफ्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्याच्या आत बघायचं उपकरण, जगापुढे आणला तेव्हापासून डॉक्टर तिथे डोकावताहेत, आणि बीपी किंवा डायबेटिसने शरीरात काय करून ठेवलंय ते कितीतरी वेळा आधी पडद्यावर सापडतं. उलट मेंदूत अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये साचणारं प्रोटीन, आहे का बघायचं तर पेट (PET) स्कॅन करा, तो महाग आणि मोजक्याच ठिकाणी होणारा, नाहीतर मणक्यातून पाणी काढा. म्हणजे डोळ्याकडे लोक का वळले ते अगदी समजण्यासारखं आहे.

त्यात मशीनही भारी आलंय. ओसीटी नावाचं तंत्र 1991 मध्ये आलं, प्रकाशाच्या परावर्तनातून पडद्याचे थर मोजणारं. त्याचीच पुढची आवृत्ती म्हणजे ओसीटी अँजिओग्राफी, ती दवाखान्यांत साधारण 2015 च्या आसपास यायला लागली. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, समोरच्या ठिपक्याकडे बघायचं आणि काही सेकंद पापणी हलवायची नाही. मशीन त्याच जागेचे लागोपाठ स्कॅन घेतं आणि एकमेकांशी ताडून बघतं. पडदा जागचा हलत नाही, वाहिन्यांमधल्या रक्तपेशी मात्र सरकतात, त्यामुळे दोन स्कॅनमध्ये जिथे फरक पडला तिथे रक्त वाहतंय असं धरून नकाशा तयार होतो. पूर्वी हेच बघायला हातातून डाय टोचावा लागायचा, आता नाही. स्क्रीनवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या बारीक धाग्यांचं जाळं येतं आणि बरोबर मध्ये एक काळं बेट. ते बेट म्हणजे दृष्टी सगळ्यात तीक्ष्ण असते ती जागा, तिथे निसर्गानेच रक्तवाहिन्या ठेवलेल्या नाहीत. आकार साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. अल्झायमरवाल्या संशोधकांचं सगळं लक्ष या दोन गोष्टींवर आहे, जाळं किती दाट आहे आणि मधलं बेट किती मोठं आहे.

पण या नकाशाची एक गंमत आहे जी बातमीत कधीच येत नाही. मशीनला रक्तवाहिनी दिसत नाही, हालचाल दिसते. एखाद्या केशवाहिनीत रक्त फारच संथ चाललं असेल तर ती चित्रातून सरळ गायब होते, जागेवर असूनसुद्धा. माणसाने डोळा हलवला की पांढऱ्या रेघा येतात. मोतीबिंदू असेल, डोळे कोरडे असतील तर चित्र पुसट आणि पुसट चित्रात जाळं विरळ वाटतं. आता सत्तरीच्या माणसाचा विचार करा. हे सगळं एकदम असायची शक्यता कुणात जास्त? ज्यांच्यासाठी ही टेस्ट आणायचीय त्यांच्यातच की.

आता अभ्यास. 2018 मध्ये सेंट लुइसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या टीमने स्मरणशक्ती ठणठणीत असलेल्या 30 ज्येष्ठांचे डोळे तपासले. पेट स्कॅन किंवा मणक्यातल्या पाण्यावरून ज्यांच्या मेंदूत अल्झायमरची सुरुवात झाल्याच्या खुणा होत्या त्यांचं मधलं काळं बेट सरासरी 0.364 चौरस मिलिमीटर निघालं, बाकीच्यांचं 0.275. लक्षणं नसतानाच फरक दिसला म्हणून गाजलं, आणि गाजायलाच हवं होतं. पुढच्या वर्षी ड्यूक युनिव्हर्सिटीचा मोठा अभ्यास आला, 39 अल्झायमरचे पेशंट, 37 जण सौम्य विस्मरणाचे आणि 133 निरोगी, त्यात अल्झायमर झालेल्यांचं जाळं विरळ सापडलं. इथपर्यंत गोष्ट छान जुळते. मग 2020 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या अभ्यासात, लक्षणं नसलेल्या 124 लोकांमध्ये, ज्या 13 जणांच्या मेंदूत अमायलॉइड होतं त्यांचं जाळं चक्क जास्त दाट निघालं. विरळ नाही, दाट. त्याचं स्पष्टीकरणही मांडलं गेलं, की आजाराच्या अगदी सुरुवातीला दाह वगैरेमुळे रक्तप्रवाह वाढत असेल आणि नंतर वाहिन्या कमी होत असतील. असेलही तसं. विज्ञान असंच पुढे जातं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मग मला सांगा, एखाद्या साठीच्या बाईंच्या हातात रिपोर्ट ठेवून डॉक्टर काय म्हणणार? जाळं विरळ असलं तरी काळजी, दाट असलं तरी काळजी?

आणि सरासरीचं दुखणं वेगळंच. त्या 30 जणांच्या अभ्यासात दोन गटांतला फरक साधारण 0.09 चौरस मिलिमीटर, आणि अल्झायमरच्या खुणा असलेल्या गटात आपापसातच आकार साधारण तेवढाच इकडेतिकडे होता. म्हणजे गटांची सरासरी वेगळी असली तरी दोन्ही गट एकमेकांत शिरलेले. धडधाकट, तरुण माणसांमध्येसुद्धा हे बेट जन्मतःच लहानमोठं असतं, बायकांमध्ये सरासरी थोडं मोठं असतं, आणि मायनस नंबरचा चष्मा असेल तर डोळ्याच्या लांबीमुळे मशीनचं मोजमापच बदलतं, ते दुरुस्त करून घ्यावं लागतं. एका कंपनीच्या मशीनवरचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर चालत नाही. शिवाय बीपीने जाळं विरळ होतं, डायबेटिसने होतं, काचबिंदूने होतं, नुसत्या वयानेही होतं. यातल्या कशामुळे काय झालंय हे तो नकाशा स्वतःहून सांगत नाही.

आता थोडं गणित, कंटाळा करू नका, सगळा वाद इथेच आहे. समजण्यापुरते आकडे धरू, हे कुठल्या अभ्यासातले नाहीत. समजा हा स्कॅन खूप सुधारला आणि आजार असलेल्या 100 पैकी 80 जणांना बरोबर पकडायला लागला, आणि आजार नसलेल्या 100 पैकी 80 जणांना बरोबर सोडायला लागला. ऐकायला मस्त. आता काहीही तक्रार नसलेली 1000 ज्येष्ठ माणसं रांगेत उभी करा, त्यातल्या 50 जणांत आजाराची सुरुवात झालीय असं धरा. स्कॅन त्यातल्या 40 जणांना पकडेल. पण उरलेल्या 950 मधल्या 190 जणांवरही शिक्का बसेल. एकूण 230 जण घाबरून घरी जाणार आणि त्यातले खरे 40, म्हणजे सहात एक. तोच स्कॅन, तेच मशीन, आता मेमरी क्लिनिकमध्ये लावा, जिथे लोक विसरायला लागलंय म्हणून आलेत आणि 1000 पैकी 500 जणांना खरोखर आजार आहे. तिथे 400 खरे आणि 100 चुकीचे, म्हणजे पाचातले चार बरोबर. टेस्ट तीच, फक्त समोर कोण बसलंय ते बदललं. म्हणून "टेस्ट किती अचूक आहे" हा प्रश्न मला अर्धवट वाटतो, कुणावर वापरायची ते ठरल्याशिवाय त्याला उत्तरच नाही.

तपासण्या कधी सर्रास कराव्यात याचे निकष काही आज शोधायचे नाहीयेत. विल्सन आणि युंगनर यांनी 1968 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी ते लिहून ठेवलेत आणि अजून वापरले जातात, त्यात एक साधी अट आहे की आजार सापडल्यावर त्यावर मान्य झालेला उपचार हवा. डायबेटिसमुळे पडदा खराब होतो त्याची तपासणी या अटीत चपखल बसते. फोटो काढा, बिघाड दिसला की लेसर आहे, इंजेक्शन आहे, दृष्टी वाचते. म्हणूनच 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, डॉक्टरशिवाय स्वतः निकाल देणाऱ्या एआय सिस्टीमला या कामासाठी मान्यता दिली तेव्हा मला अजिबात खटकलं नव्हतं.

अल्झायमरचं तसं आहे का? लेकानेमॅब नावाचं औषध आलंय, 2023 मध्ये एफडीएची पूर्ण मान्यता मिळाली, पाठोपाठ 2024 मध्ये डोनानेमॅबला मिळाली. ही खरी प्रगती आहे, नाकारायचं कारण नाही. लेकानेमॅबच्या 1795 लोकांवरच्या ट्रायलमध्ये दीड वर्षात घसरण सत्तावीस टक्क्यांनी मंदावली. पण स्मरणशक्ती आणि रोजची कामं जोखणाऱ्या 18 गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक होता 0.45 चा, औषध शिरेतून द्यावं लागतं, वारंवार एमआरआय करत राहावं लागतं, कारण मेंदूला सूज येऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो. आणि मुख्य म्हणजे ही औषधं सौम्य का होईना पण लक्षणं सुरू झालेल्यांसाठी आहेत. ठणठणीत माणसाचा नुसता स्कॅन "संशयास्पद" आला म्हणून द्यायचं असं आज काही नाही. मग त्या 230 लोकांना, आणि त्यातल्या खऱ्या 40 लोकांनासुद्धा, आपण नक्की काय देणार आहोत?

इथे लोक म्हणतात, अहो पण कळलेलं बरं ना. माणूस मृत्युपत्र करेल, पैशाची सोय लावेल, मुलांशी बोलून ठेवेल, व्यायाम सुरू करेल. हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही, ज्यांनी घरात हा आजार बघितलाय त्यांच्या तोंडून आला तर अजिबातच नाही. पण तो मुद्दा खऱ्या उत्तराला लागू होतो. इथे हातात पडणार आहे ते "कदाचित". बरं, मेंदूत अमायलॉइड असणं म्हणजे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) नक्की, असंही नाही. 2015 मध्ये अनेक देशांतली माहिती एकत्र करून जो मोठा आढावा निघाला त्यात स्मरणशक्ती चांगली असलेल्यांपैकी पन्नाशीत साधारण 10 टक्के आणि नव्वदीत 44 टक्के लोकांमध्ये अमायलॉइड सापडलं होतं. त्यातले कितीतरी जण डिमेन्शिया न होताच दुसऱ्या कशाने तरी जातात. त्यांना आधीच सांगून ठेवलं असतं तर त्यांनी उरलेली वर्षं प्रत्येक विसरलेल्या किल्लीकडे संशयाने बघत काढली असती, आणि घरच्यांनी त्याहून जास्त संशयाने. मृत्युपत्र काय, ते तर सगळ्यांनीच करावं, त्याला स्कॅन कशाला.

आधीच सापडलं की बरंच होतं, या समजुतीचं एक महागडं उदाहरण आहे. दक्षिण कोरियात निरोगी लोकांची थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास व्हायला लागली, स्वस्त होती, सोपी होती, दुखत नव्हती. 2011 मध्ये थायरॉइड कॅन्सरचं निदान 1993 च्या पंधरा पट झालं. त्या कॅन्सरने होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या, ते आयुष्यभर गोळ्यांवर गेले, ज्यांच्यातल्या बऱ्याच जणांना त्या गाठीने कधीच त्रास दिला नसता. अल्झायमरमध्ये कापून काढायला काही नाही हे एका अर्थी बरंच म्हणायचं, पण शिक्का बसतोच.

दरम्यान रक्ताची टेस्ट पुढे निघून गेलीय. मे 2025 मध्ये एफडीएने पी-टाऊ 217 नावाचं प्रोटीन आणि अमायलॉइड यांचं प्रमाण बघणाऱ्या रक्त तपासणीला मान्यता दिली. ती कुणासाठी आहे ते बघा: 55 च्या पुढचे आणि लक्षणं असलेले. म्हणजे जी टेस्ट थेट आजाराशी संबंधित प्रोटीन मोजते तिच्यावरसुद्धा ही मर्यादा आहे, आणि पडद्यावरच्या वाहिन्या तर आजाराचा थेट पुरावाही नाहीत, लांबचा माग आहे फक्त. असं असताना डोळ्याचा स्कॅन निरोगी लोकांसाठी मोकळा सोडायचा याला काय तर्क आहे ते मला कुणी समजावून सांगावं.

एक गोष्ट मात्र अशी आहे जी मला या सगळ्यापेक्षा जास्त छळते आणि तिच्यावर फार कमी बोललं जातं. 2018 मध्ये गुगलच्या संशोधकांनी दाखवलं की पडद्याच्या साध्या फोटोवरून कॉम्प्युटर माणसाचं वय, बीपी, तो सिगरेट ओढतो का, आणि बाई आहे की पुरुष हेसुद्धा ओळखतो. त्या फोटोकडे बघून बाई की पुरुष हे डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगता येत नव्हतं, अनुभवी असले तरी. म्हणजे आपण चष्म्याचा नंबर काढायला किंवा डायबेटिससाठी म्हणून जो फोटो देऊन आलो त्यात आपल्याला माहीत नसलेलं बरंच काही असतं, आणि तो फोटो सर्व्हरवर पडून राहतो. उद्या अल्झायमरचं बरंवाईट मॉडेल तयार झालं की तेच जुने फोटो त्यातून फिरवायला कितीसा वेळ लागणार, मशीनचा नवा अपडेट आला की झालं. इन्शुरन्सवाल्याला हे हवंच असेल. मालकाला हवं असेल, पन्नाशीच्या माणसाला प्रमोशन देताना. त्यामुळे नियम आत्ताच पाहिजे, मॉडेल बाजारात यायच्या आधी: ज्या कामासाठी फोटो काढला त्यापलीकडे मेंदूच्या आजाराचा अंदाज काढायचा असेल तर वेगळी, स्पष्ट, लेखी परवानगी, आणि "मला कळवू नका" असं म्हणायचा हक्क. भरायच्या फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ घातली की परवानगी झाली, असं चालणार नाही.

आणि डोळ्यांच्या दवाखान्याला मेंदूसाठी खरंच काही करायचं असेल तर आजही हातात खूप काही आहे, फक्त त्याची बातमी होत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या डिमेन्शिया कमिशनने 2024 मध्ये बदलता येण्यासारख्या 14 कारणांची यादी दिली, ती सगळी दूर केली तर जगातले साधारण 45 टक्के डिमेन्शिया टाळता किंवा पुढे ढकलता येतील असा त्यांचा अंदाज आहे, आणि त्या यादीत नव्याने घातलेल्या दोन गोष्टींमधली एक म्हणजे उपचार न केलेली अधू दृष्टी. अमेरिकेतल्या 3,038 ज्येष्ठांच्या एका अभ्यासात ज्यांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं त्यांच्यात डिमेन्शियाचं प्रमाण न करणाऱ्यांपेक्षा साधारण 30 टक्क्यांनी कमी होतं. ऑपरेशन करून घेणारे मुळातच जरा तब्येतीने बरे असतात हा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे, पण त्याच अभ्यासात काचबिंदूच्या ऑपरेशनने तसा फरक दिसला नाही, त्यामुळे नुसत्या तब्येतीवर सगळं ढकलता येत नाही. समजा हा फायदा अर्धाच खरा निघाला, तरी नुकसान काय झालं? माणसाला दिसायला लागलं. जगात साडेपाच कोटींहून जास्त लोक डिमेन्शियासोबत जगताहेत, निम्म्याहून जास्त गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, जिथे मोतीबिंदू पिकून डोळा जाईपर्यंत नंबर लागत नाही. तिथे मोतीबिंदूची रांग तशीच ठेवून भारीतलं अँजिओग्राफी मशीन आधी मेंदूचं भविष्य सांगायला आणणं मला तरी पटत नाही.

मग माझं मत बदलायला काय लागेल? काही हजार निरोगी लोक, वेगवेगळ्या वंशांचे आणि वेगवेगळ्या मशीनवर तपासलेले. कुठल्या आकड्याच्या पुढे "धोका" म्हणायचं ते आधीच जाहीर केलेलं, निकाल बघून मागाहून ठरवलेलं नाही. मग निदान दहा वर्षं त्यांचा पाठपुरावा, कुणाला खरंच डिमेन्शिया झाला आणि कुणाला नाही. आणि शेवटी सगळ्यात खडूस प्रश्न, जो आज कुणी हे पॅकेज विकायला आलं तर त्यालाही विचारावा: माणसाचं वय, बीपी, साखर आणि रक्ताच्या टेस्टचा निकाल आधीच माहीत असेल, तर हा स्कॅन त्यात नवीन काय भर घालतो? याचं उत्तर आकड्यांत मिळालं तर ऐकायचं, "सर, लेटेस्ट टेक्नॉलॉजी आहे" असं मिळालं तर तेवढ्या पैशात कानाची तपासणी करून घ्यायची, कमी ऐकू येणंही त्या 14 च्या यादीत आहे आणि त्यावर मशीन आजच मिळतं.